हत्ती मी आणला

"कुठवर आलं?" हा प्रश्न बारामतीत मला तीन ठिकाणी हमखास विचारला जातो: भाजी मंडईत, बँकेच्या रांगेत आणि एसटी स्टँडवर. विचारणारा रस्त्याच्या कामाची चौकशी करावी तसा विचारतो आणि मीही उत्तर तसेच देते. "खडी पडलीय, डांबर बाकी आहे." ऐतिहासिक कादंबरीच्या प्रगतीचा याहून अचूक अहवाल मला देता येत नाही. सकाळी मी तीनशे शब्द लिहिते. दुपारी वाचून त्यातले दोनशे काढते. कधी चारशेही काढते; जास्तीचे आदल्या दिवशीचे असतात.

कादंबऱ्यांआधी मी एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात उपसंपादक होते. उपसंपादक म्हणजे दुसऱ्याने आणलेली बातमी कापणारा, शुद्ध करणारा आणि तिला मथळा देणारा माणूस. अपघातापुढचे "भीषण" आणि सभेपुढचे "प्रचंड" काढणे हे माझे काम. दोघांनी सांगितल्याशिवाय छापायचे नाही, नाव लिहिताना घरी फोन करून विचारायचे, हे मी नव्या वार्ताहरांना इतक्यांदा सांगितले की ते मला पाहून फोन उचलत. निवृत्त होऊन मी कादंबऱ्या लिहू लागले तेव्हा जुने सहकारी म्हणाले, "चला, आता इतिहासात तरी चुका होणार नाहीत."

पहिल्याच कादंबरीत मी सोमेश्वरनगरच्या बाजूला एक घोडदळ उसात लपवले. शत्रू समोरून निघून गेला, घोडदळ उसातून बाहेर पडले, पाठलाग झाला. पुस्तक आल्यावर तिथल्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच: "बाई, कालवा इंग्रजांनी काढला. तुमच्या लढाईच्या वेळी इथे कुसळे होती. घोडा लपवायचा तर आधी झोपवावा लागला असता." मी दुसऱ्या आवृत्तीसाठी घोडदळ ओढ्यात लपवले. दुसरी आवृत्ती निघाली नाही.

तेव्हापासून मी वाचनाचा धडाका लावला. लोकांना वाटते की ऐतिहासिक कादंबरीकार लढाया वाचतो. लढायांचे लवकर आटपते. वेळ जातो तो बाकीच्यात. मोरगावाहून इंदापुराला ओझ्याचा बैल किती दिवसांत जाई, पावसाळ्यात पीठ कशात ठेवत, जोडा फाटला तर कोणाकडे जात. घोड्यांच्या आजारांवरचे एक जाड पुस्तक मी दोन महिने वाचले. त्यातून एक वाक्य निघाले: "घोडा लंगडत होता." प्रकाशकांनी ते वाक्य काढले.

वाचकही पुरवठा करतात. मोरगावचे एक गृहस्थ दर महिन्याला फोन करून त्यांच्या पूर्वजाला कादंबरीत घालण्याची आठवण देतात. "लढाईत एखादा माणूस लागतच असंल की, मॅडम. मेलेला बी चालंल. फकस्त नाव नीट टाका." मी त्यांना सांगितले की पुरावा लागतो. ते म्हणाले, "मेल्याचा पुरावा? मी हाय की जित्ता, त्यो आसता तर आमी जमिनीसाठी एवढं भांडलो आसतो का?" हे उत्तर मला अजून नीट कळलेले नाही, पण ते फोन ठेवताना नेहमी समाधानी असतात.

हत्तीचे प्रकरण सणसरला सुरू झाले.

सणसरच्या शिवारात गणपतआबांचे घर आहे. आबा पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरे होती आणि वर्षातले आठ महिने घर पाठीवर होते. आता डाळिंब आहे, ठिबक आहे आणि मुलगा बाळासाहेब पाणीवाटप सोसायटीचा अध्यक्ष आहे. कालव्याचे पाणी कोणाच्या रानात किती तास जायचे, ते हे बाळासाहेब ठरवतात. एके दिवशी ते माझ्या दारात डाळिंबाचे खोके घेऊन उभे राहिले. आत डाळिंब नव्हते. फळाला घालतात त्या फोमच्या जाळीत गुंडाळलेला एक जुना कागद होता.

"देवाच्या पेटीत व्हता, मॅडम. आबा म्हणत्यात खंडोजीचा हाय. खंडोजी म्हंजी आमचा मूळ पुरुष. त्यात काय लिवलंय तेवढं सांगा."

कागद मोडीत होता. मोडी म्हणजे आपल्याकडे हिशेब, पत्रे आणि सरकारी कामकाज ज्या लिपीत चाले ती. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि मग हात न उचलता अक्षरे खाली लटकवत जातो. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाक्य कुठे तोडायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. मी पुण्याला शनिवार-रविवारच्या वर्गाला जाऊन मोडी शिकले आहे. परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला होता. ते प्रमाणपत्र मी लिहिण्याच्या टेबलासमोर लावले होते. सध्या नाही.

एकच पान होते, तेही मधले. चार दिवस भिंग घेऊन बसल्यावर हे हाती आले: "खंडोजी धावेवर चालोन आला. हाती" इथे कसरीने कागद खाल्ला होता, आणि पुढे, "घेऊन सोंड तोडिली. ते थारोळियांत पडली. बहुत गलबा जाला."

मी खुर्चीतून उठले. असे वाक्य ऐतिहासिक कादंबरीकाराला जन्मात एकदा मिळते. धावून चालून आलेला मेंढपाळ, तुटलेली सोंड, थारोळे आणि गलबला. कसरीने हातातले शस्त्रच नेमके खाल्ले होते. तिथे मी तलवार ठेवली.

त्याच संध्याकाळी मी बाळासाहेबांना फोन केला. नोकरीत एखाद्या वार्ताहराने असे केले असते, एका कागदावर, दुसऱ्या कोणालाही न दाखवता, तर मी त्याची बातमी त्याच्याच हातात परत दिली असती.

"मॅडम, हत्ती? खरा हत्ती?"

"सोंड तोडली म्हणजे हत्तीचीच."

मग बाळासाहेब हळू आवाजात म्हणाले, "आन आमाला लोक मेंढक्याची पोरं म्हणायची."

कादंबरीची तेव्हा तीस प्रकरणे झाली होती आणि तिला शेवट नव्हता. आता आला. एकतिसावे प्रकरण मी अकरा दिवसांत लिहिले; माझ्या वेगाने हा विक्रम आहे. हत्तीला मी नाव दिले, माहूत दिला, दाताला सोन्याची कडी घातली. खंडोजी मेंढरे राखताना शिकलेली चपळाई वापरून त्याच्या पायांमधून निसटतो, तलवार वर जाते, सोंड रक्ताच्या थारोळ्यात पडते. पुण्याच्या प्रकाशकांनी प्रकरण वाचून प्रथमच मला आपणहून फोन केला. मुखपृष्ठावर हत्ती घ्यायचे ठरले. प्रकाशन सणसरलाच, आबांच्या हस्ते, असे बाळासाहेबांनी परस्पर जाहीर केले. त्यांनी डाळिंबाची नवी खोकीही छापून घेतली. त्यांवर उगारलेली तलवार, चिडलेला हत्ती आणि "गजवीर डाळिंब" ही अक्षरे होती. माझ्याकडे एक खोके भेट म्हणून आले. डाळिंबे उत्तम होती.

छपाईला जाण्याआधी एक जुनी सवय आड आली. ज्याच्या घरची हकीकत, त्याला एकदा नावे-गावे वाचून दाखवायची. मला आबांकडून एवढेच विचारायचे होते की खंडोजीच्या वडिलांचे नाव मायाजी की म्हाळोजी. एसटीने सणसरला उतरले. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी वडिलांचे नाव विचारले, त्यांनी सांगितले, आणि मग माझीच हौस म्हणून एकतिसावे प्रकरण वाचायला घेतले.

आबा फार चांगले ऐकतात. मधे बोलत नाहीत, मान हलवत नाहीत. प्रकरण संपले तेव्हा त्यांनी विचारले, "बाई, हत्ती कुठनं आला?"

"कागदातच आहे, आबा."

"कागुद वाचा बरं. निस्ता कागुद."

मी वही काढून वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

"ह्यात हत्ती कुठं हाय?"

"सोंड आहे ना."

नव्या वार्ताहराकडे मी जसे पाहत असे, तसे आबांनी माझ्याकडे पाहिले. त्यात राग नव्हता.

"बाई, तुमी मोट बगितलीया का कदी? चालती मोट?"

"चित्रात पाहिलीय."

"मग चला."

डाळिंबाच्या पलीकडे त्यांची जुनी विहीर आहे. आता तिच्यात मोटर आहे. आबा काठी टेकत एका उतारावर उभे राहिले. विहिरीच्या तोंडापासून मागे खाली जाणारा, दोन बैल सहज चालतील एवढा तो उतार होता.

"मोट म्हंजी कातड्याचं मोठं बोचकं. हिरीत सोडायचं, भरलं की बैल हितनं खाली हाकायचं, का मोट वर येती. बैल पळत्यात ती ही जागा. हिला म्हणत्यात धाव."

मी वहीत पाहिले. धावेवर चालोन आला.

"मोटंला खाली कातड्याची लांब नळी आसती. वर आली का नळीतनं पानी भाईर पडतं. ती नळी म्हंजी सोंड."

"आणि पाणी कुठे पडतं?" हे मी विचारले, पण उत्तर मला तोवर समजले होते.

आबांनी काठीने विहिरीच्या कडेला दाखवले. घडीव दगडांची एक उथळ टाकी होती. तिच्यात बाळासाहेबांच्या ठिबकचा फिल्टर बसवलेला होता आणि फिल्टरच्या सावलीत एक कोंबडी बसली होती.

"ह्येच थारोळं. हितनं पानी पाटाला."

"मला वाटलं, थारोळं रक्ताचं."

"रगताचं कशाला आसंल?" आबांना खरोखर आश्चर्य वाटले. "थारोळं पान्याचंच आसतंय."

मी नोकरीत हा शब्द किती वेळा छापला त्याचा हिशेब नाही. दरवेळी त्याच्या आधी "रक्ताच्या" होते आणि नंतर "कोसळला". तो शब्द शेतातला आहे, त्याला स्वतःची जागा आहे आणि तीत कोंबडी बसू शकते, हे मला त्या दिवशी कळले. आयुष्यभर दुसऱ्यांची विशेषणे कापणाऱ्या बाईला एका विशेषणाने हत्तीएवढे फसवले होते. कागदात हत्ती नव्हता. हत्ती मी आणला.

"म्हणजे खंडोजीने दुसऱ्याची मोट तोडली," मी म्हणाले.

"तवा हीर आमची नव्हती. आमची निस्ती मेंढरं." आबा थारोळ्याच्या कडेवर बसले. "पानी दिलं नसंल मेंढरांला. उगा कोन तोडील?"

"बाळासाहेबांना सांगायला हवं."

"सांगा की. मी न्हाय सांगायचा. मला त्यानं कोट शिवलाय, परकाशनाला घालाया."

मी सांगितले नाही. लगेच नाही. पुढचे आठ दिवस मी काय केले ते लिहायला मला आवडत नाही, म्हणून लिहिते. हत्ती वाचवण्याचे तीन मार्ग मी शोधले. एक, कादंबरी ही कादंबरी असते, प्रस्तावनेत एक ओळ घालावी. दोन, खंडोजीने आधी मोट तोडली असेल आणि नंतर कधीतरी हत्तीही. तीन, आबांचे वय झाले आहे. तिसरा मार्ग कागदावर लिहिलेला पाहिल्यावर मी तो कागद फाडला आणि पुण्याला फोन लावला.

प्रकाशकांनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे हत्तीऐवजी मोट?"

"हो."

"मॅडम, हत्तीचं पुस्तक लोक हातात घेतात. मोटेचं पुस्तक कोण घेईल? आणि हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला कळणार आहे?"

"आबांना कळलंय."

"ते पुस्तक वाचतात का?"

"नाही. ऐकतात."

प्रकाशकांनी तीन आठवडे दिले. मुखपृष्ठाचे नंतर बघू म्हणाले.

बाळासाहेबांना सांगणे अवघड गेले. सोसायटीच्या कार्यालयात ते एकटे असतील अशी वेळ पाहून मी गेले. भिंतीवर पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता होता: कोणाला किती तास, कोणत्या दिवशी. त्या तक्त्याखाली बसून मी त्यांना सांगितले की त्यांच्या मूळ पुरुषाने दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन मोट कापली होती.

त्यांनी मान वळवून तक्त्याकडे पाहिले.

"म्हंजी पानी तोडलं त्यानं."

"हो."

"मॅडम, हितं परवा एकानं रातीत दुसऱ्याची पान्याची चारी फोडली. मी त्याला नोटीस काढलीया. माझ्या सहीची." ते हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हते. "तुमी फोन केला म्हणून मी खोकी छापली. लेकीच्या सासरी सांगितलं. आबांला कोट शिवला. आता तुमी म्हंता हत्ती न्हाय, हत्ती तुमचा. बरं. पेपरात तुमी काय करता चूक झाली की? आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात छापता ना? तसं करा. आमच्या नावाचं काय व्हायचं ते हुंद्या."

त्यांचे खरे होते. आमच्याकडे खुलासा नेहमी आतल्या पानावर, जाहिरातीखाली जाई, आणि तो तिथे टाकणारी मीच असे.

"आतल्या पानावर नाही," मी म्हणाले. "त्याच प्रकरणात करते. एकतिसाव्या."

"त्यात तरी काय करणार? गजवीर व्हता, त्याचा चोर करणार."

मग तीन आठवडे मी पुन्हा वाचायला बसले. मोटेची माहिती मिळेल तिथून गोळा केली. कातडे कसे कमावत, शिवण कशी घालत, एका दिवसात किती मोटा निघत. आबांना एवढ्या वेळा फोन केला की त्यांनी मला "आता हिरीत उतरायचंच ऱ्हायलंय तुमचं" असे सुनावले. सोंड कापायला तलवार लागत नाही, लोकर कातरायची कातर पुरते, हे त्यांनीच सांगितले. मेंढक्याच्या कमरेला ती असतेच. कसरीने खाल्लेल्या जागेत मी कातर लिहिली.

नवे प्रकरण मी त्यांच्या घरी जाऊन वाचले. आबा बाजेवर होते. बाळासाहेब दाराच्या चौकटीला टेकून, हातात फोन धरून, बसणार नाही अशा बेताने उभे होते. प्रकरण असे आहे. तिसऱ्या वर्षीही पाऊस नाही. खंडोजी मेंढरे घेऊन विहिरीवर येतो. मोट चालू आहे, थारोळ्यात पाणी पडते आहे, पाटाने मळ्यात जाते आहे. मेंढरे थारोळ्याकडे धावतात. मळ्याचे लोक त्यांना काठीने हाकलतात. खंडोजी हात जोडतो. एकदा, दोनदा. एक कोकरू खाली बसते ते उठत नाही. तेव्हा खंडोजी धावेवर चालून येतो, कातर काढतो आणि वर आलेल्या मोटेची सोंड तोडतो. सोंड थारोळ्यात पडते, मोटेतले पाणी परत विहिरीत जाते. ते मळ्यालाही मिळत नाही, मेंढरांनाही नाही. मोठा गलबला होतो. माझे प्रकरण तिथे संपत होते, कारण कागद तिथे संपत होता.

आबांनी डोळे मिटले होते. बाळासाहेबांनी फोन खिशात घातला होता. केव्हा, ते माझ्या लक्षात आले नाही.

"फुडं?" ते म्हणाले.

"पुढे काही नाही. पान संपलं."

"मेंढरांचं काय झालं?"

"माहीत नाही. पुढचं पान नाही आपल्याकडे."

"म्हंजी ती तशीच हुबी?"

"कागदात काही नाही, बाळासाहेब. मला पुरावा नसताना आता काही लिहायचं नाहीय."

"आता व्हय?" ते चौकटीपासून सरळ झाले. "मॅडम, तुमी पुरावा नसताना एवढा हत्ती आणला. माहूत आणला. त्याच्या दाताला सोन्याची कडी घातली. आन मेंढरांला घोटभर पानी पाजाया तुमाला पान पायजे?"

आबा डोळे न उघडता म्हणाले, "पाजा, बाई. लई लांबनं आल्याती."

पुस्तक आले. मुखपृष्ठावर विहीर आहे; प्रकाशकांच्या मते तिच्यामुळेच खप मंद आहे. गजवीरची खोकी संपेपर्यंत वापरली गेली. नव्या खोक्यांवर फक्त डाळिंब आहे. प्रकाशनाला आबांनी कोट घातला होता.

नवे प्रकरण वाचून सणसरहून परत आले त्याच दिवशी मी एकतिसाव्या प्रकरणाला एक परिच्छेद जोडला. त्यात मळ्यातली एक बाई घागर घेऊन येते, थारोळ्यात पाणी ओतते आणि बाजूला होते. मेंढरे पाणी पितात. त्या परिच्छेदाला कसलाही पुरावा नाही.